धसका कुणाकडून घेतला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मराठवाड्यात लहान मूल झोपेतून दचकून उठायला लागलं, दूध तोडलं, आईचा पदर सोडेनासं झालं, की घरातली जुनी माणसं म्हणतात, 'लेकरानं धसका घेतला.' दखनी बोलणाऱ्या घरांत म्हणतात, 'बच्चे के दिल में दहशत बैठ गई.' कवी म्हणून मला यातलं 'घेतला' हे क्रियापद फार अर्थाचं वाटत आलंय. ताप येतो, खोकला होतो. धसका मात्र घेतला जातो. आता घेतला म्हटलं की कुणाकडून, हे विचारावंच लागतं.

त्यावरचे घरगुती उपाय आपल्याला ठाऊक आहेत. कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतं, कुणी दर्ग्यावर नेऊन फुंकर मारून घेतं. या उपायांनी धसका जातो असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापायी दवाखान्याला उशीर होतो, हेही आपण पाहतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. फुंकर घालणाऱ्यासमोर मूल एकटं बसत नाही. ते आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर असतं, आणि फुंकर दोघींवर पडते.

मानसिक आघात झालेल्या लहानग्यांवर उपचार कसे करावेत आणि ते करणारी माणसं कशी तयार करावीत, याचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. आपल्यापुरता तो किल्लारीपासून सुरू करावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गावं नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसं गेली. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा इथेच, औरंगाबादेत, बी.ए.ला होतो. फळीवरची भांडी वाजली म्हणून घरातले जागे झाले, एवढंच आम्हाला त्या पहाटे कळलं. आठवडाभराने कपडे आणि धान्य भरलेल्या एका ट्रकमध्ये बसून आम्ही काही पोरं सास्तूरच्या बाजूला गेलो.

तिथे पत्र्याच्या शेडबाहेर एक आजी बसलेली होती आणि तिच्या मांडीवर तीनेक वर्षांची नात. मुलगी बोलत नव्हती. आमच्यातल्या एकाने बिस्किटाचा पुडा दिला, तो तिने नुसता हातात धरून ठेवला. आमचा ट्रक सुरू झाला की जमीन थरथरायची. दर वेळी ती पोर ट्रककडे बघायची नाही, वर आजीच्या तोंडाकडे बघायची. आजीचा चेहरा आक्रसला की मग रडायची. आजी हसली असती तर ती रडली असती का, हा प्रश्न मला त्यानंतर पुष्कळ वर्षं छळत राहिला.

किल्लारीनंतर मनाच्या जखमांकडे कुणी पाहिलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. डॉ. मोहन आगाशे संचालक असलेल्या पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका लहानशा पाहणीत, तपासलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक माणसांत आघाताची, खिन्नतेची किंवा तत्सम मनोविकारांची लक्षणं आढळली होती. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला शाळा उभी केली. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. यातलं प्रत्येक काम मोलाचं होतं, आणि त्यातून माणसं उभी राहिली.

पण शाळेत जाणाऱ्या मुलासाठी शाळा असते, प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या मोठ्या माणसासाठी प्रश्नावली असते. मांडीवरच्या पोराचं काय? ते पुण्याला जाऊ शकत नाही, आणि 'तुम्हाला झोप लागते का' याचं उत्तरही देऊ शकत नाही. त्याच्यासाठी त्या काळी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: 'लहान आहे, त्याला काय कळतंय, विसरून जाईल.' डॉक्टर म्हणत, मास्तर म्हणत, नातेवाईक तर म्हणतच म्हणत.

हे वाक्य खोटं आहे हे जगाला कळायला मात्र पन्नास वर्षं आधीच सुरुवात झाली होती, ती लंडनमध्ये. हिटलरची विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा इंग्रजांनी लाखो मुलं शहरातून उचलून खेड्यांत पाठवली होती, आईबापांवाचून. सिग्मंड फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड आणि तिची मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम यांनी जानेवारी १९४१ मध्ये हॅम्पस्टेड भागात बेघर झालेल्या लहान मुलांसाठी पाळणाघरं सुरू केली. १९४३ साली त्यांनी आपली निरीक्षणं पुस्तकरूपाने मांडली. त्यांना असं दिसलं होतं की ज्या मुलाची आई स्थिर आहे, ते मूल बॉम्ब पडत असतानाही झोपतं. आईपासून तोडलेलं मूल मात्र सुरक्षित खेड्यातही खंगतं.

त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलाची हकिकत सांगितली आहे. भोंगा वाजला की त्याची घाबरट आई त्याला उठवून कपडे घालायची आणि त्याचा हात धरून दाराशी थरथरत उभी राहायची. पोरगा भित्रा झाला, अंथरूण ओलं करू लागला. तोच मुलगा आईपासून दूर असताना भोंग्याला फारसा भीत नव्हता. धसका कुणाकडून घेतला, याचं उत्तर इतकं उघडं असतं. त्यातून 'मग आईपासून तोडा' असा निष्कर्ष मात्र निघत नव्हता, कारण तोडलेल्या मुलांची दशा त्याहून वाईट होती. उपचार करायचा तर दोघांवर मिळूनच करावा लागणार होता.

प्रशिक्षणाचा धागाही तिथलाच आहे. त्या पाळणाघरांत काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्यांतल्या कित्येक नाझींच्या तावडीतून पळून आलेल्या, स्वतःच निर्वासित. अ‍ॅना फ्रॉइडचा नियम असा, की प्रत्येकाने मुलांत जे दिसेल ते कार्डावर लिहायचं. बंब पेटवणं आणि पडेल ते काम करणं हे ज्याच्याकडे होतं, त्या जेम्स रॉबर्टसनलाही यातून सूट नव्हती. हाच रॉबर्टसन पुढे मुलांचा अभ्यासक झाला. रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ साली त्याने केलेल्या चित्रपटाने इंग्लंडच्या रुग्णालयांना आईबापांच्या भेटीच्या वेळांचा फेरविचार करायला लावला. पाळणाघरातल्या त्या मुलींच्या शिक्षणातून १९४७ साली बालमानसोपचाराचा रीतसर अभ्यासक्रम उभा राहिला. विद्यापीठाची पदवी नंतर आली, कार्ड आधी.

पुढचा टप्पा अमेरिकेतल्या मिशिगनचा. सेल्मा फ्रायबर्ग ही समाजकार्यातून आलेली बाई. ती दवाखान्यात बसून वाट पाहत नसे. घरोघर जायची, स्वयंपाकघरातच बसायची, आणि मूल व आई दोघांशी एकाच वेळी बोलायची. १९७५ साली तिने सहकाऱ्यांसह एक लेख लिहिला, तो या विषयात पायाचा दगड मानला जातो. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक पाळण्याभोवती काही भुतं वावरतात. ती आईबापांच्या स्वतःच्या बालपणातली, न बोललेली दुःखं असतात. मूल रडतंय आणि आई दगडासारखी बसून आहे, तर समजावं की तिचंही रडणं कधीकाळी कुणी ऐकलेलं नाही. ते ऐकलं गेलं की तिचा हात आपसूक मुलाकडे जातो.

फ्रायबर्ग १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि दोनच वर्षांत वारली. तिथे तिने लावलेलं रोप पॅराग्वेत जन्मलेल्या अ‍ॅलिशिया लिबरमन यांनी वाढवलं. पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांच्याबरोबर त्यांनी पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी एकत्र उपचाराची पद्धत बसवली. घरातली मारहाण पाहिलेली, माणूस गमावलेली, अपघातातून वाचलेली मुलं त्यांच्याकडे येत. तिथला उपचार बाहेरून पाहणाऱ्याला नुसता खेळ वाटेल. मूल ठोकळे रचतं, पाडतं. पण उपचार करणारी व्यक्ती आधी आईशी एकटीने बोललेली असते, आणि मग तिघं मिळून, मुलाला कळेल अशा साध्या शब्दांत, घडलेली गोष्ट उच्चारतात: तू ते पाहिलंस, तू भ्यालास, आईही भ्याली, आता आई तुला जपायला शिकते आहे. 'मुलासमोर विषयच काढू नका' या आपल्याकडच्या सल्ल्याच्या नेमकं उलट.

ही पद्धत शिकायला साधारण दीड वर्ष लागतं. पुस्तकं वाचून ती येत नाही. शिकणाऱ्याने प्रत्यक्ष कुटुंबं हाताळायची आणि नियमाने एखाद्या अनुभवी माणसापुढे बसून सांगायचं: मुलानं काय केलं, आईनं काय केलं, आणि ते बघताना माझ्या पोटात काय झालं. हे तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याचं दुःख ऐकणारा स्वतः कोरा नसतो. भूकंपानंतर गावोगाव फिरणाऱ्या कित्येक कार्यकर्त्यांच्या घरातही माणसं गेलेली होती. त्यांना कोण विचारत होतं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं श्रीमंत देशांचं झालं. दीड वर्ष शिकलेले मानसोपचारक आमच्या भूम-परांड्याला, औंढ्याला कुठून यायचे? रास्त प्रश्न आहे. म्हणून एक उदाहरण शेजारच्या पाकिस्तानातलं सांगतो. रावळपिंडीच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांना गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या खिन्न आयांशी कसं बोलावं ते शिकवलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या, शाळा शिकलेल्या साध्या बाया होत्या. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, या सेविकांनी बोलतं केलेल्या आयांपैकी २३ टक्के अजून खिन्न होत्या, तर नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. पुढे गोव्यात 'संगाथ' या संस्थेने हीच पद्धत शेजारच्या बायांकरवी राबवली. त्यांना तिथे 'सखी' म्हणत. तिथला गुण माफक होता, पण आला. या पद्धती खिन्नतेसाठी आहेत, आघातासाठी नव्हेत, हा फरक मला ठाऊक आहे. पण मुलाचा आरसा जर आई असेल, तर आरसा पुसणं ही निम्मी वाट झाली.

आपल्या देशात अशा प्रशिक्षणाची सुरुवात भोपाळच्या वायुगळतीनंतर झाली. १९८५ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तिथल्या साध्या डॉक्टरांना मनाच्या दुखण्याचे धडे दिले. १९९९चं ओडिशाचं चक्रीवादळ, २००१चा भूजचा भूकंप, २००४ची त्सुनामी, प्रत्येक संकटागणिक शिकणाऱ्यांचं वर्तुळ वाढत गेलं. डॉक्टरांकडून शिक्षकांकडे, शिक्षकांकडून गावच्या कार्यकर्त्यांकडे. २०२० पासून निम्हान्सच्याच 'संवाद' उपक्रमातून मुलांसाठी काम करणाऱ्यांना प्रशिक्षण मिळू लागलं. आपल्याकडे तर गावात बसलेली बाई आधीपासून आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला जे सुरू केलं त्यातून 'अंगणवाडी' शब्द देशाला मिळाला, आणि १९७५ पासून ती सरकारी योजनेत गेली. गावातल्या कुठल्या घरात रात्री काय घडलं हे अंगणवाडीताईला सकाळी ठाऊक असतं. तिला आपण वजन घ्यायला शिकवलं, पोषण आहार वाटायला शिकवलं, रजिस्टरांवर रजिस्टरं भरायला शिकवलं.

शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर २०१५ साली राज्याने चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन खिन्न माणूस हेरू लागल्या. चांगली गोष्ट झाली. पण ज्या घरात बाप गेला, त्या घरात दोन-तीन वर्षांचं पोर असतं. त्याला 'पप्पा गावाला गेलेत' असं सांगितलं जातं, आणि ते रोज संध्याकाळी दारात बसतं. त्याच्या आईशी कसं बोलायचं, तिने त्याला खरं कसं सांगायचं, हे शिकवणारा वर्ग आशाताईच्या वेळापत्रकात यायला हवा.

१९९३ साली जी तीन वर्षांची होती, ती मुलं आज पस्तिशीत आहेत. त्यांच्या मांडीवर आता त्यांची पोरं आहेत. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैच्या सकाळी हिंगोलीकडे जमीन हलली, ४.५ क्षमतेचे धक्के होते. पडझड फारशी झाली नाही. त्यानंतर काही दिवसांनी जुन्या भूकंपाच्या भागातली एक अंगणवाडीताई मला भेटली. किल्लारीच्या वेळी ती स्वतः नऊ वर्षांची होती. हिंगोलीची बातमी टीव्हीवर लागली तशा तिच्या गावातल्या चार-पाच जणी पोरं छातीशी आवळून अंगणवाडीत येऊन बसल्या. पोरं रडत होती. मी विचारलं, मग पोरांना काय केलंत? ती म्हणाली, "पोरांना काईच नाई केलं, भाऊ. आधी त्यांच्या आयांना पाणी दिलं, बसवलं, अन् माझ्या घरचं कोण कोण गेलं होतं ते सांगितलं. मग त्याही सांगाय लागल्या. तवर पोरं मांडीवरून उतरून खेळण्यापाशी गेली होती."

हे तिला कुणी शिकवलं, असंही मी विचारलं. कुणीच नाही, म्हणाली; आणि पोषण आहाराचं रजिस्टर ओढून लिहायला बसली, कारण दुपारी पर्यवेक्षिका येणार होत्या.