वार्ता : चावडीपासून तळहातापर्यंत

ता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी, असे त्याचे स्वरूप होते. १८८१ साली ‘केसरी’ निघाला. त्या काळी वाचणारा एक व ऐकणारे अनेक. निरक्षर वडीलधाऱ्यांसही वार्ता कळे, आणि तिचा खल तेथेच होई.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ज्याच्या घरी संच, त्याच्याकडे आळीतील मंडळी बातम्यांना जमत. साधन पालटले, तरी वार्ता सामायिकच राहिली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. पुढे ते मोबाईलवर आले, आणि एकाच घरात पिता, पुत्र व स्नुषा निरनिराळ्या वार्ता वाचू लागली. परदेशस्थ आप्तांस गावची खबर क्षणात कळते, हा लाभ थोर खराच. परंतु कित्येक वार्ता आता संपादकाच्या नजरेखालून न जाताच आपल्या हाती येतात. ती पारख वाचकालाच करावी लागते.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींना विनंती, की आलेली वार्ता पुढे धाडण्यापूर्वी ती घरात एकदा मोठ्याने वाचावी. चारचौघांत उच्चारलेले असत्य सहसा लपत नाही.