यंत्रमानवाच्या पोटातली माणसे

नाटकवाले ज्यांना सरसकट ‘प्रॉपर्टी’ म्हणतात त्या वस्तूंकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. संहिता, अभिनय, दिग्दर्शन, फार तर नेपथ्य. इथवर येऊन आपली चर्चा थांबते. प्रयोग संपला की वस्तू पेटाऱ्यात जाते आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच खेळात, दुसऱ्याच नावाने बाहेर येते. एका संहितेसाठी घडवलेली वस्तू दुसऱ्या संहितेत शिरते तेव्हा तिच्या पहिल्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येऊ नये. विज्ञानकथेच्या संदर्भात त्याचे उत्तर शोधायचे तर ‘रॉबी’ या हॉलिवुडच्या यंत्रमानवाचे चरित्र वाचावे.

एम.जी.एम.चा ‘फॉरबिडन प्लॅनेट’ १९५६ सालचा. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’शी त्याचे नाते अनेकांनी दाखवले आहे. दूरच्या ग्रहावर मुलीसह राहणारा विद्वान मॉर्बियस म्हणजे प्रॉस्पेरो आणि त्याचा आज्ञाधारक रॉबी म्हणजे एरिअल. (यानावरच्या आचाऱ्याला रॉबी साठ गॅलन दारू तयार करून देतो, तेव्हा स्टेफानोची बाटली आठवते. पण ती बाटली कॅलिबनला नव्या धन्याचा गुलाम करते. रॉबीला दारूचे काहीच सोयरसुतक नाही.) रॉबीचा खरा विशेष वेगळाच आहे. माणसाला इजा करण्याची आज्ञा झाली की त्याच्या पारदर्शक डोक्यात ठिणग्या उडतात आणि तो जागीच थिजतो. चित्रपटाच्या शेवटी चाल करून येणारा अदृश्य राक्षस मॉर्बियसच्याच मनातून उपजला आहे, हे कळते ते रॉबीच्या या थिजण्यातून. म्हणजे ही वस्तू केवळ शोभेची नव्हती. कथानकाची कळ तिच्यात होती.

ती घडवायला एक लाख डॉलरहून अधिक खर्च आला. त्या काळी एका प्रॉपर्टीसाठी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. कल्पना आणि रेखाटने कलाविभागातील अनेकांची. अंतिम आराखडे काढून प्रत्यक्ष बांधणी करून घेतली ती रॉबर्ट किनोशिता यांनी. पाय, धड आणि डोके असे तीन सुटे भाग. प्लास्टिकचे पत्रे तापवून, हवा शोषून ते साच्यावर बसवायचे, अशी त्या कवचाची घडण होती. बोलताना उजळणाऱ्या निऑनच्या नळ्यांच्या फटीतून आतला माणूस बाहेर पाहत असे.

किनोशिता यांना प्लास्टिकचे काम कसे अवगत झाले, हे सांगायलाच हवे. ते जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा हजारो नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांत किनोशिता पतिपत्नीही होते. ॲरिझोनातल्या छावणीतून सुटून ते विस्कॉन्सिनला गेले आणि तेथे औद्योगिक आरेखन व प्लास्टिकचे काम शिकले. कपडे धुण्याच्या यंत्रांचे आराखडेही त्यांनी तिथेच केले. रॉबीच्या गोल पोटाकडे पाहताना ती यंत्रे आठवली तर नवल नाही.

आणि श्रेयनामावली? तिच्यात नटांच्या बरोबरीने ‘रॉबी’चे नाव झळकते. किनोशितांचे नाव नाही. कवचाच्या आत घामाघूम होणाऱ्या फ्रँकी डॅरो आणि फ्रँकी कार्पेंटर यांचीही नावे नाहीत.

एवढा खर्च एका चित्रपटात वसूल होणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी ‘द इनव्हिजिबल बॉय’मध्ये रॉबी पुन्हा अवतरला, भविष्यकाळातून आणलेला यंत्रमानव अशी तोडही काढली गेली. यानाच्या खलाशांचे गणवेश १९५८ च्या ‘क्वीन ऑफ आउटर स्पेस’मध्ये वापरले गेले. ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेने तर हे सारे भांडारच उपसले. तिच्या १९६४ मधील एका भागात कामगारांना काढून यंत्रे आणणारा कारखानदार शेवटी स्वतःच बेकार होतो, आणि त्याच्या जागी त्याच्याच लकबीने साखळीतली किल्ली फिरवत रॉबी उभा असतो. आत अर्थातच रोजंदारीवरचा एक माणूस! हा उपरोध लेखकाला अभिप्रेत होता की नाही, हा मुद्दा गौण आहे. वस्तूने तो स्वतःहून आणला.

सर्वांत विलक्षण प्रसंग १९६६ चा. ‘लॉस्ट इन स्पेस’ मालिकेचे कलादिग्दर्शन किनोशितांकडे होते आणि तिचा यंत्रमानवही त्यांनीच घडवला होता. त्या मालिकेच्या एका भागात रॉबी खलनायक म्हणून येतो आणि दोन्ही यंत्रमानवांची झुंज होते. एकाच कारागिराच्या दोन निर्मिती समोरासमोर! माणसाला इजा करण्याच्या कल्पनेनेच थिजणारे ते शरीर आता माणसांच्याच जिवावर उठलेले असते. जुना चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला हा विश्वासघात अधिक बोचत असणार. ज्याने तो पाहिलेला नाही त्याच्यापुरता रॉबी जन्मतःच दुष्ट. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर प्रक्षेप हाच काहींचा मूळ पाठ ठरतो.

वापराने वस्तू झिजते, हेही खरेच. एम.जी.एम.ने १९७० च्या सुमारास आपला साठा मोडीत काढला आणि रॉबी कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात गेला. तिथे प्रेक्षकांनी त्याची नासधूस केली. पुढे दिग्दर्शक विल्यम मॅलोन यांनी तो विकत घेऊन दुरुस्त केला. ते हे करू शकले, कारण त्याआधी त्यांनी हौसेने रॉबीची हुबेहूब प्रतिकृती बांधली होती. नक्कल करता करता मिळवलेले ज्ञान मूळ वस्तूच्या कामी आले.

किनोशिता २०१४ च्या डिसेंबरात शंभराव्या वर्षी वारले. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला बॉनहॅम्सच्या लिलावात रॉबी त्रेपन्न लाख पंचाहत्तर हजार डॉलरना विकला गेला. सोबत त्याची गाडी, एक जादा डोके आणि एम.जी.एम.चे जुने पेटारेही गेले.