मालमत्ता-देखभाल नियमांची सामाईक अंमलबजावणी (पेनसिल्व्हेनिया)

पडीक व मोडकळीस आलेल्या इमारतींना आवर घालण्यासाठी शेजारच्या छोट्या नगरांनी मिळून निरीक्षक नेमण्याची अमेरिकेतील पद्धत. पेनसिल्व्हेनिया राज्यात अडीच हजारांहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. पिट्सबर्ग ज्या अ‍ॅलेगेनी परगण्यात येते, त्या एकट्यात 130. पोलाद कारखाने बंद पडल्यावर मोनोंगाहेला नदीकाठची गावे ओस पडली. त्यांपैकी ब्रॅडॉक या गावाची लोकसंख्या एकेकाळी सुमारे वीस हजार होती. 2020 मध्ये ती दोन हजारांच्याही खाली आली. लोक गेले, घरे राहिली आणि करवसुली आटली. अशा गावाला पूर्णवेळ निरीक्षक परवडत नाही. अर्धवेळ निरीक्षक बहुधा गावातलाच, त्यामुळे ओळखीच्या घरमालकाला नोटीस देताना त्याचा हात आखडतो. बाहेरचा निरीक्षक हा यावरचा व्यवहारी उपाय होय.

राज्याच्या 1968 च्या संविधानाने अशा सहकार्याला मुभा दिली आहे. गावे ‘कौन्सिल ऑफ गव्हर्न्मेंट्स’ या संघामार्फत खर्च वाटून घेतात. निरीक्षक गळके छप्पर, फुटक्या खिडक्या, माजलेले गवत यांची छायाचित्रांसह नोंद करतो, नोटीस बजावतो आणि मालकाने दाद न दिल्यास प्रकरण स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे नेतो. खरी अडचण पुढेच असते : मालक मयत, वारस बेपत्ता किंवा मालकी परराज्यातील कंपनीकडे. 2010 च्या कायद्याने गंभीर नियमभंग करणाऱ्या मालकाला नवे परवाने नाकारण्याचा अधिकार गावांना दिला. बेवारस घरांपुढे मात्र नोटीस निरुपयोगी ठरते. तेथे थकीत करापोटी मालमत्ता ताब्यात घेणारी भूपेढी लागते.