मालट्रकचा पंखा : पट्ट्यावरचा की विजेवरचा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मालवाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या जमाखर्चात डिझेलचा आकडा सर्वांत मोठा असतो. लिटरमागे थोडे जरी अंतर वाढले, तरी महिन्याकाठी त्याचा परिणाम दिसतो. त्यामुळेच निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा भोसरीच्या गॅरेजांच्या रांगेत एक सल्ला सहज कानावर पडतो : इंजिनच्या तोंडाशी पट्ट्यावर फिरणारा यांत्रिक पंखा काढून टाका आणि मोटारगाडीत असतो तसा विजेवर चालणारा पंखा बसवा. इंजिनवरचा भार कमी होईल आणि डिझेल वाचेल, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र किती वाचेल आणि घाटात काय होईल, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय या सल्ल्यावर पैसे खर्च करणे धोक्याचे आहे.

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील सर्व ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. साधारण ३५ ते ४० टक्के ऊर्जेचे रूपांतर कामात होते, जवळपास तिसरा हिस्सा धुरावाटे निघून जातो आणि उरलेल्यापैकी बराचसा भाग कूलंटमार्फत रेडिएटरकडे येतो. ही उष्णता हवेत सोडण्यासाठी रेडिएटरच्या जाळीतून भरपूर हवा वाहावी लागते. ट्रक ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर हे काम समोरून येणारा वारा बहुतांशी फुकटात करतो. पंख्याची खरी गरज लागते ती गाडी सावकाश चालत असताना आणि तरीही इंजिन पूर्ण जोर लावत असताना.

जुन्या ट्रकांत पंखा थेट वॉटर पंपाच्या किंवा क्रँकशाफ्टच्या पुलीला जोडलेला असे. इंजिन फिरते तोवर तोही फिरणार, गरज असो वा नसो. पंख्याचा एक नियम येथे लक्षात घ्यावा लागतो. वेग दुप्पट केला, तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी लागणारी शक्ती मात्र आठपट होते. उलट वेग निम्मा केला, तर शक्ती एक-अष्टमांशावर येते. म्हणजे महामार्गावर, वारा आपोआप मिळत असताना, जोरात फिरणारा पंखा ही शुद्ध उधळपट्टी ठरते.

ही उधळपट्टी थांबवण्याचा पहिला उपाय वीज नव्हे, तर व्हिस्कस कपलिंग. पुली आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाने भरलेली एक डबी असते. तिच्या तोंडावरची द्विधातूची गुंडाळी रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचे तापमान ओळखते. हवा थंड असेल तर तेल बाजूच्या कप्प्यात राहते व पंखा नुसता रेंगाळतो. हवा तापली की झडप उघडते, तेल फटीत शिरते आणि पंखा पुलीबरोबर फिरू लागतो. घाटात मध्येच ट्रक गुरगुरल्यासारखा आवाज करतो, तो याच क्षणी. नव्या गाड्यांत हीच झडप इंजिनचा संगणक उघडतो व मिटवतो.

जाता जाता एक गंमत. इंजिनची निव्वळ शक्ती मोजण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ८५ मध्ये, पंखा अलग होऊ शकणारा असेल तर तो अलग ठेवून किंवा जास्तीत जास्त घसरत ठेवून मोजणी करण्याची तरतूद आहे. अशा नियमाने मोजलेल्या अश्वशक्तीत घाटातल्या पंख्याचा खर्च धरलेला नसतो.

<b>एकाच आवारातले दोन पंखे</b>

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्याचा प्रकल्प १९६६ मध्ये उभारला. १९८६ मध्ये येथूनच '४०७' हा हलका मालट्रक बाहेर पडला. १९९८ च्या अखेरीस सादर झालेली डिझेल इंडिकाही याच पिंपरी-चिंचवडच्या आवारातली. ट्रकच्या इंजिनापुढे पट्ट्यावरचा पंखा आणि इंडिकाच्या रेडिएटरवर विजेचा, हा फरक केवळ आवडीचा नव्हता. ट्रकचे इंजिन लांबीत बसवलेले असते, त्याची पुली रेडिएटरकडे तोंड करून असते. पंखा तेथे बसवणे सोपे. इंडिकाचे इंजिन आडवे, पुढच्या चाकांना गती देणारे. त्याची पुली गाडीच्या कुशीकडे तोंड करते. तेथून रेडिएटरचा पंखा पट्ट्याने फिरवणे गैरसोयीचे, म्हणून वीज आली. मोटारगाडीत विजेचा पंखा रुळला, त्यामागे इंधनबचतीइतकेच हे मांडणीचे कारण आहे. 'मोटारीत चालतो, मग ट्रकमध्ये का नाही' या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

<b>अँपिअरचा हिशेब</b>

उरलेले अर्धे उत्तर आकड्यांत आहे. सुमारे १३० किलोवॉट, म्हणजे १७५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊ. पूर्ण भारावर ते रेडिएटरकडे ८० किलोवॉटच्या घरात उष्णता पाठवील. रेडिएटरमधून जाताना हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर ही उष्णता नेण्यासाठी सेकंदाला सुमारे २.६५ किलो हवा लागते. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते. त्यामुळे हीच हवा आकारमानाने अडीच घनमीटर भरते. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, वातानुकूलन असल्यास त्याचा कंडेन्सरही. या सगळ्या जाळ्यांमधून एवढी हवा ओढायला पंख्याला साधारण पाच किलोवॉट द्यावे लागतात.

ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची, चालू स्थितीत २८ व्होल्टच्या आसपास. पाच किलोवॉट म्हणजे जवळपास १८० अँपिअर, तेही मोटरमधला अपव्यय न धरता. बहुतेक मालट्रकांचा अल्टरनेटर ४५ ते १०० अँपिअरचा असतो, आणि त्यातूनच दिवे, वायपर व बॅटरीचे चार्जिंग चालायचे असते. मोटारगाडीच्या धर्तीचे दोन पंखे लावले, तर ते अल्टरनेटरला झेपतील, पण हवा पुरणार नाही. हवा पुरेल इतके पंखे लावले, तर अल्टरनेटर पुरणार नाही.

शिवाय विजेचा मार्ग लांबचा आहे. पट्ट्यावरून अल्टरनेटर, तेथून तार, तेथून मोटर, मग पंखा. अल्टरनेटर साठ टक्के व मोटर पंचाहत्तर टक्के कार्यक्षम धरली, तरी पंख्यापर्यंत पंचेचाळीस टक्केच पोहोचतात. पंख्याला एक किलोवॉट द्यायला इंजिनने दोनाहून अधिक किलोवॉट खर्च करायचे. म्हणजे विजेचा पंखा बचत करतो तो फिरताना नव्हे, बंद असताना. आणि बंद राहण्याचे काम व्हिस्कस कपलिंगही जवळपास तितकेच चांगले करते.

आता बचतीचा ढोबळ अंदाज पाहू. २५०० फेऱ्यांना साडेपाच किलोवॉट खाणारा थेट जोडलेला पंखा महामार्गावर, १७०० फेऱ्यांना, पावणेदोन किलोवॉटच्या आसपास खातो. त्याचे डिझेल तासाला चारशे-साडेचारशे मिलिलिटर. ताशी ५० किलोमीटरने जाणारा आणि लिटरला साडेचार किलोमीटर देणारा ट्रक तासाला अकरा लिटर जाळतो. म्हणजे बचत जास्तीत जास्त चार टक्क्यांची, लिटरमागे दोनशे मीटरच्या आतली. तीही पंखा थेट जोडलेला असेल तर. गाडीला आधीच चालू स्थितीतले व्हिस्कस कपलिंग असेल, तर मोकळ्या रस्त्यावर वाचवण्याजोगे फारसे काही उरत नाही. लिटरमागे अर्ध्या किलोमीटरचे आश्वासन कोणी देत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

<b>घाट आणि चौक</b>

न्हावाशेवा बंदरातून सुटे भाग घेऊन चाकणकडे येणारा भरलेला ट्रक बोरघाट चढतो, तेव्हा शीतनव्यवस्थेची खरी परीक्षा होते. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर, इंजिन पूर्ण जोरात, समोरून वारा जवळजवळ नाही. पाठीमागून वारा असेल तर आणखी वाईट. मे महिन्याची दुपार असेल आणि पंखे अपुरे असतील, तर तापमानाचा काटा चढतच राहतो. हेड गॅस्केट उडाले किंवा सिलिंडर हेडला तडा गेला, तर वर्षभराच्या डिझेलबचतीवर पाणी पडते. एकाच ट्रकवर संसार चालवणाऱ्या मालकासाठी गाडी आठवडाभर गॅरेजात उभी राहणे हा दुरुस्तीच्या बिलाइतकाच मोठा फटका असतो.

चाकणचा तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौक येथील कोंडीत चित्र वेगळे असते. तेथे वारा नसतो हे खरे, पण इंजिन केवळ घरघरत असल्याने उष्णताही थोडीच निर्माण होते. यांत्रिक पंखा मंद फिरत असला तरी ती सहसा निभावते. अडचण येते ती वातानुकूलन चालू असताना. २०२५ मध्ये नव्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. चालकांच्या दृष्टीने ही फार उशिरा झालेली चांगली गोष्ट. पण उभ्या गाडीत कंडेन्सरला हवा हवीच, आणि येथे मात्र कंडेन्सरपुढे लावलेला छोटा विजेचा पंखा खरोखर कामाचा ठरतो. मुख्य पंखा जागेवर ठेवून असा मदतनीस जोडणे हा शहाणपणाचा मध्यममार्ग आहे.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनीही पंख्याचे काम वाढवले. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची योजना ज्या इंजिनांत आहे, त्यांत त्या धुराची उष्णता कूलंटमध्येच जाते. अशा गाड्यांत पंख्याचा वेग संगणकाच्या देखरेखीखाली असेल, तर त्याची जोडणी तोडताच दोषाची नोंद होऊन इशाऱ्याचा दिवा लागतो. वॉरंटीचा प्रश्न तर आहेच. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत फेरफारांना मनाई करते; त्या तपशिलांत पंख्याचा उल्लेख नसतो, म्हणून फेरफाराचे धोके मात्र टळत नाहीत.

विजेचा पंखा जेथे शोभतो, अशा जागा आहेत. दोन टनांच्या आतील छोटी मालवाहू वाहने हे पहिले उदाहरण : उष्णता कमी, बारा व्होल्टवर दोन पंख्यांना मिळून ५०० वॉट, म्हणजे ३५-३६ अँपिअर, पुरतात. मागे इंजिन असलेल्या बस हे दुसरे. तेथे रेडिएटर बाजूला असतो, समोरचा वारा मिळतच नाही. म्हणून द्रवदाबावर चालणारे पंखे किंवा मोठ्या अल्टरनेटरसह विजेच्या पंख्यांची रांग वापरली जाते. पीएमपीच्या भेकराईनगर आणि निगडी आगारांतून २०१९ पासून धावू लागलेल्या विद्युत बसमध्ये तर निवडीचा प्रश्नच नाही. इंजिन नाही, पट्टा नाही; बॅटरी व मोटर थंड ठेवण्याचे काम विजेचे पंप आणि पंखेच करतात, आणि त्यांच्यामागे सगळी बॅटरी उभी असते.

डिझेल ट्रकच्या मालकाने पंखा बदलण्याआधी काही साध्या गोष्टी तपासाव्यात. रेडिएटरच्या जाळीत धूळ व चिलटे बसून निम्मी वाट बंद झालेली असते. ती पंख्याच्या बाजूने, बेताच्या दाबाच्या पाण्याने धुवावी. पंख्याभोवतीचे कडे, ज्याला श्राउड म्हणतात, फुटले असेल तर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड काही गॅरेजांत आहे; त्याने इंजिन थंड राहून उलट जास्त डिझेल खाते. किल्ली काढून, गरम झालेल्या बंद इंजिनाचा पंखा हाताने फिरवून पाहावा. अडखळत फिरला तर कपलिंग ठीक. मोकळा गरगर फिरला तर तेल गळून गेले आहे.

एवढे करूनही विजेचा पंखा बसवायचाच असेल, तर अल्टरनेटरची क्षमता आधी वाढवावी, फ्यूज व रिले योग्य मापाचे असावेत आणि तापमानाचा सेन्सर बिघडल्यास पंखा बंद न पडता चालू राहील अशी जोडणी करावी. मग भरलेली गाडी घाटात नेऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीतील कूलंटचे तापमान नोंदवावे. समजा बाहेर ३३ अंश असताना ते ९३ वर स्थिरावले, तर फरक ६० अंशांचा. हा फरक बाहेरच्या हवेबरोबर फारसा बदलत नाही. इंजिनची मर्यादा १०५ अंश असेल, तर ही गाडी ४५ अंशांच्या उन्हापर्यंत टिकेल. फरक ७० वर गेला, तर मर्यादा ३५ अंशांवर येते, आणि मार्च उजाडताच जुना पंखा पुन्हा बसवावा लागेल. तो भंगारात देण्याची घाई करू नये.