आडनाव एक, सनदा दोन

ब्रिटिश बॅरोनेटांच्या नोंदींत ‘ससून’ या आडनावाखाली दोन किताब सापडतात. पहिला १८९० सालचा, लंडनमधल्या केन्सिंग्टन गोअरचा. दुसरा १९०९चा, मुंबईचा. दोन्ही मिळवणारे पुरुष एकाच डेव्हिड ससूनच्या रक्ताचे : आल्बर्ट हा त्याचा मुलगा, जेकब हा नातू. तरी कायद्याच्या दृष्टीने या दोन किताबांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. ‘अमुक घराण्याकडे किताब आहे’ असे आपण सहज म्हणतो; पण किताब घराण्याला मिळतच नाही. तो एका माणसाला मिळतो, आणि पुढे कुणाकडे जायचा हे त्या माणसाच्या सनदेत लिहिलेले असते.

बॅरोनेट हा दर्जाच मुळी पैशाच्या निकडीतून जन्मला. १६११ साली पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात फौज ठेवायची होती आणि खजिन्यात खडखडाट होता. तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार, प्रत्येकी रोज आठ पेन्स, म्हणजे एकूण १,०९५ पौंड जो भरेल त्याला हा वंशपरंपरागत किताब, असा सौदा ठरला. उमेदवाराचे जमिनीचे उत्पन्न वर्षाला हजार पौंड असावे आणि त्याच्या आजोबांना कुलचिन्हाचा हक्क असावा, अशा अटीही होत्या. पहिला मान रेडग्रेव्हच्या सर निकोलस बेकनचा. पुढे १६१९ साली आयर्लंडसाठी आणि १६२५ साली नोव्हा स्कोशियाच्या वसाहतीच्या निमित्ताने स्कॉटलंडसाठी असेच किताब निघाले. बॅरोनेट नावाआधी ‘सर’ लावतो, पण तो उमराव नव्हे. या किताबापोटी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आसन मिळत नाही. एकाच आडनावाचे अनेक बॅरोनेट होऊ लागल्यावर घोटाळा नको म्हणून गावाचे किंवा इस्टेटीचे नाव किताबाला जोडले गेले. ‘केन्सिंग्टन गोअरचे’ आणि ‘मुंबईचे’ ससून वेगळे ओळखता येतात ते त्यामुळेच.

सनदेतले कळीचे कलम वारसाचे. सर्वसाधारण सनदेत किताब मूळ धारकाच्या औरस पुरुष वंशजांकडे, थोरल्याच्या क्रमाने जातो. मुलीला नाही, दत्तकाला नाही, आणि मूळ धारकाच्या भावालाही नाही, कारण भाऊ हा वंशज नव्हे. आपल्याकडच्या वतनाशी ताडून पाहिले तर फरक ठळक दिसतो. वतनात भाऊबंदांच्या तक्षिमा पडत, दत्तक घेऊन वतन टिकवता येई. बॅरोनेटच्या किताबाला वाटणीही नाही आणि दत्तकाची सोयही नाही.

ससूनांकडे हे कलम कसे चालले ते पाहण्याजोगे आहे. बगदाद सोडून १८३२च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिडने मोठी पेढी उभी केली. पुण्याचे ससून रुग्णालय त्याच्याच देणगीतले. १८६४ साली तो गेला आणि तीन वर्षांत दुसरा मुलगा इलियास याने वेगळी चूल मांडली : ई. डी. ससून आणि कंपनी. थोरल्या आल्बर्टकडे जुनी पेढी राहिली. कुलाब्याची ससून गोदी बांधणारा तो हाच. १८९०चा किताब आल्बर्टचा, १९०९चा इलियासच्या मुलाचा, जेकबचा. म्हणजे धंद्यात जिथे फूट पडली तिथेच किताबांचीही दोन खाती झाली.

आल्बर्टनंतर एडवर्ड आणि एडवर्डनंतर फिलिप. फिलिप ससून ब्रिटिश राजकारणातली बडी असामी, पण अविवाहित. १९३९ साली तो वारला आणि किताब लुप्त झाला. त्याची बहीण सिबिल हयात होती. तिचा प्रश्नच नव्हता. पहिल्या महायुद्धावरच्या कवितांमुळे गाजलेला सिगफ्रीड ससूनही हयात होता, आडनाव तेच, पणजोबा तोच डेव्हिड. पण तो आल्बर्टच्या सावत्र भावाचा नातू, आल्बर्टचा वंशज नव्हे. त्यामुळे आडनाव आणि रक्त दोन्ही असून किताबावर त्याचा हक्क शून्य.

जेकबच्या सनदेत मात्र शहाणपण दिसते. किताब भाऊ एडवर्ड इलियास आणि त्याच्या पुरुष वंशजांकडे जाईल असे खास कलम तिच्यात होते. म्हणून १९१६ साली जेकब गेल्यावर तो भावाकडे आणि पुढे पुतण्या व्हिक्टरकडे आला. व्हिक्टरला मूल झाले नाही. १९६१ साली हाही किताब संपला.

औरस असण्याची अट नुसती कागदावर नसते, हे प्रिंगल प्रकरणाने दाखवले. या स्कॉटिश आडनावाचेही दोन किताब : स्टिचिलचा १६८३चा आणि पॉल मॉलचा १७६६चा. दुसरा मिळवणारे डॉ. जॉन प्रिंगल स्टिचिलच्याच घरातले धाकटे पुत्र, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबरच तो संपला. पहिला टिकला, पण २०१६ साली प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने डीएनएचा पुरावा ग्राह्य धरून ठरवले की नववा बॅरोनेट हा आठव्याचा मुलगाच नव्हता. किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. दोन पिढ्या ‘सर’ म्हणवून घेतल्यानंतरचा हा निकाल कठोर वाटेल, पण सनदेच्या तर्काला धरूनच होता.

मुंबईच्या पारशी घराण्यांत तर नावच सनदेच्या पाठीमागे चालू लागले. जमशेटजी जीजीभॉय १८५७ साली बॅरोनेट झाले. किताबाचा इतमाम पुढच्या पिढ्यांना राखता यावा म्हणून संपत्ती विश्वस्तांकडे देण्यात आली, आणि १८६०च्या कायद्याने गादीवर येणाऱ्याने ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यावे असे ठरवले. त्यामुळे थोरले चिरंजीव कर्सेटजी हे दुसरे सर जमशेटजी झाले. पेटिटांकडेही हीच रीत. पहिल्या सर दिनशांचा १८९०चा किताब सनदेप्रमाणे दुसऱ्या मुलाच्या, फ्रामजींच्या शाखेकडे जायचा होता. फ्रामजी वडिलांच्या हयातीतच गेले, म्हणून १९०१ साली नातू गादीवर आला आणि सर दिनशा माणेकजी पेटिट झाला. जिनांशी लग्न केलेली रत्ती ही याच दुसऱ्या सर दिनशांची मुलगी. जुन्या मुंबईची कागदपत्रे चाळताना एकच ‘सर दिनशा’ इतकी वर्षे कसा जगला असा प्रश्न पडला, तर आधी साल पाहावे आणि मग माणूस ठरवावा.