विमान कर्मचारी स्वसंरक्षण प्रशिक्षण (अमेरिका)

अमेरिकी विमान कंपन्यांच्या वैमानिकांना व केबिन कर्मचाऱ्यांना हल्ल्याचा प्रतिकार शिकवणारा ऐच्छिक, विनाशुल्क अभ्यासक्रम. ११ सप्टेंबर २००१ रोजी चार विमानांचे अपहरण झाले. त्या हल्ल्यातील सुरुवातीच्या जखमींत केबिन कर्मचारी होते. पुढे २००३ च्या कायद्याने या प्रगत प्रशिक्षणाची तरतूद केली. वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या या वर्गांत फेडरल एअर मार्शल शिकवतात. कोविडकाळात थांबलेले वर्ग, प्रवाशांची दांडगाई वाढल्यावर, जुलै २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. चार तासांच्या वर्गात धोका वेळीच ओळखणे, हल्लेखोराला रोखणे आणि गरज पडल्यास प्रतिकार करणे शिकवतात. उडत्या विमानात पोलीस बोलावता येत नाहीत. आसनरांगांमधल्या अरुंद वाटेत मागे सरायलाही जागा नसते. म्हणूनच हे कौशल्य मोलाचे ठरते.