पहिल्या पानावरची जागा

बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आपल्याकडे म्हणतात. इंटरनेटच्या बाजारात मात्र नुसतं बोलून भागत नाही. आपलं बोलणं गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत कोणीतरी पोचवावं लागतं. ते काम सर्च इंजिन करतं. मी कवी माणूस, तंत्रज्ञ नव्हे. पण या यंत्राचा कारभार शब्दांवर चालतो, म्हणून त्याचा इतिहास मला घरचा वाटतो.

१९९० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातील विद्यार्थी अ‍ॅलन एमटेज यानं 'आर्ची' तयार केलं. ते फक्त फायलींची नावं शोधत असे. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी 'याहू' सुरू केलं. तिथं माणसं हातानं संकेतस्थळांची वर्गवारी करत. पण वेब इतक्या झपाट्यानं वाढलं की माणसांचे हात अपुरे पडले. डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' आलं आणि कोट्यवधी पानांचा सगळा मजकूर क्षणात चाळता येऊ लागला.

हे होतं कसं? एक प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जातो आणि मजकूर गोळा करत राहतो. मग त्याची सूची बनते. ग्रंथाच्या शेवटी 'अमुक शब्द, अमुक पान' अशी सूची असते, तशीच. आपण शब्द टाकला की यंत्र सगळं जग धुंडाळायला निघत नाही, ही सूची उघडतं.

पण सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. १९७२ साली इंग्लंडमधल्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीनं मांडलं, की जो शब्द थोड्याच ठिकाणी सापडतो त्याचं वजन जास्त धरावं. 'आणि' जागोजागी भेटतो, म्हणून तो हलका. 'पैठणी' मोजक्या पानांवर भेटते, म्हणून ती भारी. कवीला हे वेगळं सांगावं लागत नाही!

व्यापाऱ्यांनी यातही पळवाट काढली. तोच शब्द पानावर शंभरदा लिहायचा, तोही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसत नसे, यंत्र मात्र फसत असे. यावर १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी तोड काढली. तुम्ही स्वतःबद्दल काय बोलता एवढंच पाहायचं नाही, इतर कोण तुमच्याकडे बोट दाखवतात आणि त्यांची स्वतःची पत काय, तेही पाहायचं. १९९८ मध्ये 'गूगल' कंपनी स्थापन झाली ती याच विचारावर.

त्याच वर्षी बिल ग्रॉस यांच्या 'गोटू'नं यादीतल्या जागेचा लिलाव मांडला. जो जास्त पैसे देईल तो वर. २००० साली गूगलनंही शब्दांवर जाहिराती विकायला सुरुवात केली. विकतची जागा आणि कमावलेली जागा वाचकाला वेगळी कळली पाहिजे, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २००२ मध्ये या कंपन्यांना पत्र लिहून बजावावं लागलं.

यादीबाहेर पडणं म्हणजे काय, हे २००६ साली बीएमडब्ल्यूला कळलं. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच, असा प्रकार आढळल्यावर गूगलनं तिचं जर्मन संकेतस्थळ काही दिवस सूचीतून काढलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर एका गाळ्यात धंदा करणाऱ्याचं काय?

म्हणूनच ही सत्ता एका हाती असणं काळजीचं आहे. अल्टाव्हिस्टा २०१३ मध्ये बंद झालं. गूगलनं शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निकाल अमेरिकी न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. त्याच वर्षीपासून गूगल अनेक प्रश्नांवर यादीच्याही वर कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेलं उत्तर दाखवू लागलं. उत्तर तिथंच मिळालं, तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेल कशाला?

छोट्या व्यावसायिकाच्या हाती तरीही काही उरतं. आपण काय विकतो, कुठं, केव्हा आणि काय भावानं, हे साध्या मजकुरात लिहावं. नुसत्या चित्रात अडकवू नये. आणि लिहिताना आपले शब्द बाजूला ठेवून गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द वापरावेत. 'पादत्राण भांडार' अशी पाटी लावून बसलात आणि गिऱ्हाईक 'चपला' शोधत असेल, तर भेट व्हायची कशी?